मलेरियाची गोळी आणि पिट्युटरीची गाठ: वहिनींना क्लोरोक्वीन द्यायची का?

दादा, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. वहिनींचं वय 34, निफाडकडे घर, द्राक्षाची बाग. दोन वर्षांपूर्वी पाळी बंद झाली, छातीतून दुधासारखं यायला लागलं, प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध यायला लावणारं हॉर्मोन, तपासलं तर 380 आणि एमआरआयमध्ये पिट्युटरीला 14 मिलिमीटरची गाठ. तेव्हापासून कॅबरगोलिन अर्धा मिलिग्रॅम आठवड्यातून दोनदा चालू आहे, गाठ 11 वर आलीय, प्रोलॅक्टिन 62 वर येऊन अडकलंय म्हणून तुम्ही त्यांना "रेझिस्टंट" म्हणताय, पाळी येते पण तिचा काही नेम नाही, आणि तुम्हाला दुसरं मूल हवंय. मधेच तुमच्या भाच्याने कुठेतरी वाचलं की क्लोरोक्वीन, म्हणजे मलेरियाची गोळी, कॅबरगोलिनसोबत दिली की पिट्युटरीची गाठ मरते, नाशकातल्या औषधांच्या बाजारात, गोळे कॉलनीत, चौकशी केली तर पट्टी अगदी स्वस्तात मिळते, मग चालू करायची का, असं तुम्ही विचारलंय. आणि शेवटी सहज लिहिलंय की तिला ॲसिडिटीची रोजची कॅप्सूल सोडली तर दुसरं कुठलंच औषध नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, मी परत त्याच्यावर येणार आहे.

उत्तर आधीच देऊन टाकतो, क्लोरोक्वीन चालू करू नका. पण तुमच्या भाच्याने वाचलं ते खोटं नाही, ते खरं संशोधन आहे आणि चांगलं आहे, त्यामुळे "काहीतरीच काय" म्हणून उडवून लावणं मला पटत नाही. मी नाशकात वीस वर्षांहून जास्त काळ हॉर्मोनचेच पेशंट बघतोय आणि जो माणूस एवढं शोधून विचारतो त्याला नीट उत्तर मिळालंच पाहिजे. तर जरा वेळ काढून वाचा, मोठं होणार आहे.

पहिले ही गाठ म्हणजे काय ते. पिट्युटरी ही वाटाण्याएवढी ग्रंथी, मेंदूच्या खाली, नाकाच्या मुळाच्या मागे हाडाच्या एका छोट्या खोबणीत बसलेली असते, आणि तिच्या बरोबर वरून डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडून जातात. म्हणून गाठ वर वाढली की आधी नजरेच्या दोन्ही कडा जातात, समोरचं दिसतं पण बाजूने येणारी मोटरसायकल दिसत नाही. "मेंदूत गाठ" म्हटलं की अख्ख्या घराचं जेवण बंद होतं, हे मी रोज बघतो, म्हणून स्पष्ट सांगतो की या गाठी जवळजवळ सगळ्याच कॅन्सरच्या नसतात. पिट्युटरीचा खरा कॅन्सर इतका दुर्मिळ की बहुतेक डॉक्टरांना आयुष्यात एकही बघायला मिळत नाही. उलट दुसऱ्याच कशासाठी केलेल्या एमआरआयमध्ये अंदाजे दहातल्या एकाला पिट्युटरीत काहीतरी बारीक दिसतं आणि त्यातल्या बहुतेकांना काहीही करावं लागत नाही. एक सेंटीमीटरच्या खाली असेल तर आम्ही मायक्रो म्हणतो, त्याच्यावर मॅक्रो. वहिनींची 14 ची होती म्हणजे मॅक्रो, आणि ती प्रोलॅक्टिन तयार करणारी, म्हणजे प्रोलॅक्टिनोमा. हॉर्मोन बनवणाऱ्या पिट्युटरीच्या गाठींमध्ये हीच सगळ्यात जास्त सापडते आणि खरं सांगायचं तर सगळ्यात सरळ वागणारीही हीच, कारण बहुतेक जणांना ऑपरेशन लागतच नाही, गोळीवर भागतं.

गोळीवर का भागतं ते समजलं की पुढचं सगळं सोपं जाईल. प्रोलॅक्टिन बनवणाऱ्या पेशींवर डोपामिनचा एक रिसेप्टर असतो, डी टू म्हणतात, ते समजा एक कुलूप आहे. मेंदूकडून येणारं डोपामिन ही किल्ली, ती कुलपात बसली की पेशी प्रोलॅक्टिन बनवणं थांबवते. कॅबरगोलिन आणि त्याच्या आधीचं ब्रोमोक्रिप्टिन या बनवलेल्या किल्ल्या आहेत, त्या त्याच कुलपात जाऊन बसतात, त्याने प्रोलॅक्टिन उतरतं आणि गाठही आक्रसते. दहातल्या आठ-नऊ लोकांचं प्रोलॅक्टिन कॅबरगोलिनवर नॉर्मलला येतं. राहिलेल्या एक-दोघांचं येत नाही, त्यांना रेझिस्टंट म्हणतात, आणि मलेरियाच्या गोळीचं संशोधन चाललंय ते मुख्यतः यांच्यासाठी, शिवाय ज्यांना कॅबरगोलिन सोसत नाही त्यांच्यासाठी, आणि पिट्युटरीच्या त्या दुसऱ्या जातीच्या गाठींसाठी ज्यांच्यावर ही किल्ली नीट चालतच नाही.

आता क्लोरोक्वीन. आजी-आजोबांच्या तोंडी मलेरियाला कोयनेल, म्हणजे क्विनीन, होतं आणि नंतरच्या पिढीच्या तोंडी हे क्लोरोक्वीन. औषध म्हणून ते 1934 साली जर्मनीत बायर कंपनीत हान्स आन्डरझाग यांनी बनवलं, आधी विषारी म्हणून बाजूला टाकलं आणि दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर गेलं. मी पेठ तालुक्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात बाँड करत होतो तेव्हा ताप घेऊन माणूस आला की बोटाला टोचून रक्ताची स्लाइड घ्यायची आणि रिपोर्ट यायच्या आधीच चार गोळ्या द्यायच्या, अशी पद्धत होती, हिवतापाचे कर्मचारी पाड्यापाड्यावर चालत जाऊन ते करायचे. त्या काळी या गोळीचा पिट्युटरीशी काही संबंध जोडला जाईल असं मला कुणी सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता.

संबंध कुठून आला ते बघा. मलेरियाचा जंतू आपल्या तांबड्या पेशीत बसून हिमोग्लोबिन खातो, त्याच्या पोटात एक आंबट पिशवी असते तिथे ते पचवतो, आणि पचवताना जो विषारी लोहाचा भाग उरतो त्याचे खडे करून ठेवतो म्हणजे त्याला स्वतःला त्रास होत नाही. क्लोरोक्वीन त्या आंबट पिशवीत जाऊन साठतं आणि ते खडे बनू देत नाही, मग जंतू स्वतःच्याच उरलेल्या विषाने मरतो. आता आपल्या माणसाच्या पेशीतही तशाच आंबट पिशव्या असतात, लायसोसोम म्हणतात, आणि क्लोरोक्वीन तिथेही जाऊन साठतं, त्यांची आंबटता कमी करतं. लायसोसोमचं काम काय, तर पेशीतला कचरा संपवणं. जुने, मोडके भाग पेशी एका पिशवीत गुंडाळते, ती पिशवी लायसोसोमपर्यंत नेते आणि तिथे ते विरघळवून परत वापरायला घेते. याला ऑटोफॅजी म्हणतात, आणि हे पेशी नेमकं कसं करते ते यीस्टमध्ये शोधून काढल्याबद्दल जपानच्या योशिनोरी ओसुमींना 2016 चं नोबेल मिळालं.

नाशिककरांना समजावताना मी घंटागाडीचं उदाहरण देतो. सकाळी घंटागाडी गल्लीत येते, घराघरातला कचरा उचलते आणि पाथर्डीच्या खत प्रकल्पावर नेऊन टाकते, तिथे त्याचं खत होतं. पेशीत कचऱ्याची पिशवी म्हणजे घंटागाडी आणि लायसोसोम म्हणजे खत प्रकल्प. शांघायच्या एका टीमने 2015 मध्ये दाखवलं की कॅबरगोलिन नुसतं प्रोलॅक्टिन कमी करून थांबत नाही, ते पेशीतला एमटॉर नावाचा वाढीचा स्विच दाबतं आणि त्यामुळे ऑटोफॅजी जोरात सुरू होते, म्हणजे एकदम खूप घंटागाड्या रस्त्यावर येतात, इतक्या की पेशी त्यातच मरायला लागते. मग त्याच टीमने पुढचा प्रश्न विचारला की गाड्या जोरात सुटलेल्या असताना खत प्रकल्पाचं गेटच बंद केलं तर? ते गेट बंद करायचं औषध हाताशी होतंच, क्लोरोक्वीन. 2017 मध्ये त्यांनी याचे निकाल छापले. कॅबरगोलिन आणि क्लोरोक्वीन एकत्र दिल्यावर पेशींची वाढ एकट्या कॅबरगोलिनपेक्षा जास्त थांबली, पेशीत न विरघळलेल्या पिशव्यांचा ढीग लागला आणि पेशी स्वतःच मरायच्या मार्गाला लागल्या. उंदरांच्या पेशींवर केलं, उंदरांच्या अंगात वाढवलेल्या गाठींवर केलं, आणि ऑपरेशनमध्ये काढलेल्या माणसांच्या गाठीतल्या ताज्या पेशींवरही केलं. मला हे काम मनापासून आवडलं, कारण त्यात नुसतं "हे टाकून बघू, ते टाकून बघू" नाही, पहिल्या औषधाने पेशीत काय होतं ते समजून घेऊन दुसरं औषध निवडलंय.

दुसरी एक ओळ आर्टेसुनेटची आहे, तीही मलेरियाचीच. चीनच्या तू यूयू यांनी सोळाशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथातली एक नोंद वाचून, पाला न उकळता कमी तापमानाला अर्क काढून 1972 पर्यंत आर्टेमिसिनिन वेगळं केलं, 2015 चं नोबेल त्यांना मिळालं, आणि आर्टेसुनेट त्याच्यापासूनच बनतं. आपण देवाला दवणा वाहतो तोही त्याच आर्टेमिसिया घराण्यातला, पण औषधाचं झाड वेगळं आहे, त्यामुळे कृपा करून कुणी दवण्याचा काढा करून पिऊ नका. हे औषध लोहाशी भेटलं की फुटतं आणि त्यातून पेशीला जाळणारे रेणू निघतात. 2017 मध्येच चीनमधल्या आणखी एका टीमने आर्टेसुनेट आणि ब्रोमोक्रिप्टिन एकत्र देऊन पिट्युटरीच्या पेशींवर दोन्हींचा मिळून जास्त परिणाम दाखवला. तेही प्रयोगशाळेतल्या पेशींवर. याच्यावर एवढंच.

आता तुमच्या भाच्याने जे वाचलं त्यात जे लिहिलेलं नव्हतं ते सांगतो, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. या प्रयोगांत ज्या पेशी वापरल्या, जीएच थ्री आणि एमएमक्यू अशा नावांच्या, त्या उंदराच्या गाठीतून काढून वर्षानुवर्षं प्रयोगशाळेत वाढवलेल्या आहेत, जीएच थ्री तर 1960 च्या दशकातली. त्या भराभर वाढतात, वहिनींची गाठ तशी वाढत नाही, ती बिचारी वर्षाला एखादा मिलिमीटर सरकणारी. माणसाच्या पिट्युटरीच्या गाठीच्या पेशी प्रयोगशाळेत कायम जिवंत ठेवता येत नाहीत, काही दिवस राहतात आणि जातात, ही या सगळ्या क्षेत्राचीच अडचण आहे, शास्त्रज्ञांचा दोष नाही. उंदरावरच्या प्रयोगातही बऱ्याचदा गाठ त्याच्या कातडीखाली वाढवतात आणि त्यासाठी ज्यांची प्रतिकारशक्तीच नसते असे उंदीर वापरतात. आणि जिवंत माणसाला, ज्याला प्रोलॅक्टिनोमा आहे, त्याला कॅबरगोलिनसोबत क्लोरोक्वीन देऊन फायदा झाला, असं दाखवणारी नीट चाचणी माझ्या वाचनात आलेली नाही, आणि मी हा विषय सोडलेला नाही.

"पण डॉक्टर, प्रयोगशाळेतल्या प्लेटमध्ये पेशी मरतात तर माणसात का नाही मरणार" असं तुम्ही विचाराल. याचं उत्तर मेंदूच्या एका खऱ्या कॅन्सरमधून मिळतं, ग्लायोब्लास्टोमा. मेक्सिकोत 30 पेशंटवर एक छोटी चाचणी झाली, 2006 मध्ये छापून आली, नेहमीच्या उपचारासोबत क्लोरोक्वीन रोज 150 मिलिग्रॅम दिलं. ज्यांना दिलं ते मधल्या आकड्याने 24 महिने जगले, न दिलेले 11 महिने. वाचून कुणालाही वाटेल आता काय पाहिजे, पण पेशंट इतके थोडे होते की हा फरक योगायोगाने पडला नसेल असं म्हणता येत नव्हतं. मग अमेरिकेत हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन घेऊन मोठी चाचणी केली, 2014 मध्ये निकाल आला. डोस 600 च्या वर नेता आला नाही कारण पेशंटना सोसेना, आणि त्या डोसला पेशीतली कचरागाडी नीट थांबतच नव्हती, आयुष्यही वाढलं नाही. म्हणजे प्लेटमध्ये औषध हवं तेवढं ओतता येतं, माणसात नाही ओतता येत. गेट पूर्ण बंद करायला जेवढं औषध लागतं तेवढ्यात बाकीचं शरीर आधी बोंब मारतं. आणि अर्धवट बंद गेटने काय होतं ते सांगणं अवघड आहे, कारण ऑटोफॅजी पेशीला मारतेही आणि उपाशी पेशीला जगवतेही.

2020 आठवत असेलच. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन माकडाच्या किडनीच्या पेशींवर कोरोनाला थांबवत होतं, तेवढ्यावर अख्खं जग त्या गोळीच्या मागे लागलं. मार्चच्या शेवटी सरकारला ती गोळी शेड्यूल एच वनमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत, टाकावी लागली, आणि माझे संधिवाताचे आणि ल्यूपसचे (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) पेशंट, ज्यांना ती खरोखर लागत होती, ते मुंबई नाक्यापासून पंचवटीपर्यंत मेडिकल पालथी घालत होते. नंतर माणसाच्या फुफ्फुसाच्या पेशींवर बघितलं तर तिथे ती चालतच नव्हती, आणि इंग्लंडच्या रिकव्हरी चाचणीत हजारो पेशंटवर तपासून कळलं की काही फायदा नाही. हे मी विसरू शकत नाही, एका मुलीचं ल्यूपस त्या महिन्यात उसळलं होतं.

आणि ही गोळी निरुपद्रवी आहे असं कृपा करून समजू नका. मलेरियाला ती तीन दिवस देतात, गाठीसाठी द्यायची तर महिनोन्‌महिने द्यावी लागेल, आणि ती अंगात साठत जाते, बंद केल्यावरही कित्येक आठवडे राहते. सगळ्यात वाईट म्हणजे डोळ्याच्या पडद्यात साठते. तिथल्या पेशी रोज जुना कचरा गिळून विरघळवत असतात, तिथेही तेच लायसोसोम, त्यामुळे जे गाठीत व्हावं असं आपल्याला वाटतं तेच डोळ्यातही होऊ शकतं. नजरेच्या मधोमध डाग पडतो आणि एकदा पडला की भरून येत नाही. म्हणून संधिवातासाठी हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन देताना आम्ही वजनाच्या किलोमागे रोज 5 मिलिग्रॅमच्या वर जात नाही, सुरुवातीला डोळे तपासतो आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी. आता विचार करा, वहिनींची गाठ डोळ्याच्या नसांच्या खालीच आहे. उद्या नजर कमी झाली तर गाठीने झाली का गोळीने, हे ओळखायला आम्हालाच त्रास होणार आणि त्या गोंधळात आठवडे जाणार. हृदयाचे ठोके बिघडण्याचाही धोका असतो, दुसरी काही औषधं सोबत असतील तर जास्तच. साखरही उतरते, इतकी की आपल्या देशात डायबेटीससाठी हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनला परवानगी आहे.

आता वहिनींकडे येतो, आणि इथे मला खरंच आशा वाटते. तुम्ही त्यांना "रेझिस्टंट" म्हणताय, मला त्या रेझिस्टंट वाटतच नाहीत. कॅबरगोलिन आठवड्याला साधारण 2 मिलिग्रॅमपर्यंत नेऊन निदान सहा महिने नियमित घेतलं आणि तरी प्रोलॅक्टिन उतरलं नाही तर आम्ही तो शब्द वापरतो. वहिनी दोन वर्षं 1 मिलिग्रॅमवरच आहेत, डोस एकदाही वाढवलेला नाही. गाठ 14 ची 11 झाली, प्रोलॅक्टिन 380 चं 62 झालं, म्हणजे गोळी काम करतेय, फक्त पुरेशी करत नाहीये किंवा तिला कुणीतरी अडवतंय.

कोण अडवतंय, तर आता ती ॲसिडिटीची कॅप्सूल काढा. पट्टी हातात घ्या आणि नावाच्या पुढे बघा, "डी" किंवा "डीएसआर" लिहिलंय का. असेल तर त्यात ॲसिड कमी करणाऱ्या औषधासोबत डोमपेरिडोन आहे. डोमपेरिडोन काय करतं, तर उलटी-मळमळ थांबवायला तेच डी टूचं कुलूप बंद करून ठेवतं, जे कॅबरगोलिनला उघडायचंय. पिट्युटरी मेंदूच्या संरक्षक पडद्याच्या बाहेर बसते, त्यामुळे डोमपेरिडोन मेंदूत फारसं जात नसलं तरी पिट्युटरीपर्यंत आरामात पोचतं. म्हणजे आठवड्यातून दोनदा किल्ली लावायची आणि रोज सकाळी उपाशीपोटी त्याच कुलपात काडी घालून ठेवायची, कदाचित दोन वर्षं हेच चाललंय. लेव्होसल्पिराइड असलेल्या गॅसच्या कॅप्सूल तर याहून जास्त प्रोलॅक्टिन वाढवतात, त्यांच्या नावापुढे बहुतेक "एल" असतं. आपल्या भागात या कॅप्सूल कांदा-भाकरीसारख्या घरोघरी आहेत, चिठ्ठीशिवाय मिळतात आणि लोक त्याला औषधच मानत नाहीत, डॉक्टरने "दुसरं काही घेता का" विचारलं तर "नाही" म्हणतात. तुम्ही निदान लिहिलंत तरी.

दिंडोरीकडची एक मुलगी आठवते, लग्नाला तीन वर्षं झालेली, मूल नाही म्हणून सासरी बोलणी खाऊन खाऊन थकलेली. एका ठिकाणी प्रोलॅक्टिन 140 निघालं, लगेच एमआरआय केला, त्यात 4 मिलिमीटरचं काहीतरी दिसलं आणि घरच्यांना सांगितलं की मेंदूत ट्यूमर आहे. बापाने मुंबईला ऑपरेशनला न्यायचं म्हणून टोमॅटोचे पैसे, उसनवारी फेडायची थांबवून, बाजूला काढले, पंचवटी एक्सप्रेसची तिकिटं काढली. निघायच्या आधी कुणीतरी माझ्याकडे पाठवलं. पिशवीत सगळ्या गोळ्या घेऊन या म्हटलं होतं, त्यात निघालं लेव्होसल्पिराइड, आठ महिन्यांपासून. ते बंद केलं, थोड्या दिवसांनी परत तपासलं, प्रोलॅक्टिन 19. ते 4 मिलिमीटरचं जे दिसलं होतं ते त्या दहातल्या एकाला दिसतं तसलंच, त्याचा कशाशी संबंध नव्हता. ती मुलगी माझ्यासमोर रडली नाही, बाप रडला.

वहिनींची गोष्ट तशी नाही, त्यांना प्रोलॅक्टिनोमा खराच आहे, कारण 380 आणि 14 मिलिमीटर हे एकमेकांना जुळणारे आकडे आहेत, नुसत्या गोळीने सहसा इतकं चढत नाही. पण 62 वर अडकण्यात त्या कॅप्सूलचा हात असू शकतो, आणि ते तपासायला खर्च जवळजवळ काही नाही. तुमच्या डॉक्टरांना विचारून ॲसिडिटीसाठी डोमपेरिडोन नसलेली साधी गोळी घ्या, किंवा आधी बघा की रोज लागतेच का, सकाळचा चहा आणि रात्री अकराचं जेवण यावर बरंच अवलंबून असतं. मग तीन-चार आठवड्यांनी प्रोलॅक्टिन परत तपासा. टोचायच्या आधी अर्धा तास शांत बसू द्या, धावपळीत आणि घाबरून दिलेल्या रक्तात प्रोलॅक्टिन वर दिसतं. त्याच रक्तात टीएसएच करा, थायरॉईड कमी असलं तरी प्रोलॅक्टिन चढतं. लॅबला मॅक्रोप्रोलॅक्टिन होतं का विचारा, काही जणांच्या रक्तात प्रोलॅक्टिनचे मोठे गुच्छ फिरत असतात, मशीन ते मोजतं पण शरीराला त्याचं काही नसतं, मग आपण उगाच आकड्याशी भांडत बसतो.

आणि वहिनींना एकटं बसवून, रागावून नाही, विचारा की गोळ्या किती वेळा चुकतात. आठवड्यातून दोनदा ही पद्धत लक्षात ठेवायला रोजच्या गोळीपेक्षा अवघड असते. छाटणीच्या आणि काढणीच्या दिवसांत बाईला स्वतःच्या जेवणाची शुद्ध नसते, गोळीची कुठून राहणार. मी सांगतो की आठवडी बाजाराचा दिवस धरा आणि त्याच्यानंतर तीन दिवसांनी दुसरी. काही जणींना गोळीने मळमळतं, चक्कर येते, म्हणून त्या गुपचूप टाळतात आणि वर त्या मळमळीसाठीच डोमपेरिडोन घेतात. रात्री झोपताना, काहीतरी खाऊन घेतली की बऱ्याच जणींचा हा त्रास जातो.

हे सगळं करूनही आकडा खाली आला नाही तर पहिली पायरी म्हणजे कॅबरगोलिनचा डोस हळूहळू वाढवणं. जास्त डोस फार काळ द्यायचा असेल तर मधूनमधून हृदयाचा टूडी एको करावा, कारण पार्किन्सनच्या पेशंटमध्ये, जिथे डोस खूप जास्त असतात, तिथे झडपा जाड झालेल्या दिसल्या होत्या. गाठीच्या डोसला तो धोका फारच कमी आहे. एक गोष्ट मात्र घरच्यांनीच लक्षात ठेवायची, या गोळीवर काही जणांचा स्वभाव बदलतो, अचानक खरेदी, ऑनलाइन रमी, चिडचिड, असं काही दिसलं तर लाजून लपवू नका, आम्हाला सांगा, ते औषधामुळे असतं आणि औषध बदललं की जातं. त्याच्याही पुढे ऑपरेशन आहे, नाकातून दुर्बिणीने करतात, डोकं उघडत नाहीत. वहिनींवर ती वेळ येईल असं मला आत्ताच्या आकड्यांवरून वाटत नाही.

मग क्लोरोक्वीनचं संशोधन कुणासाठी, असं कुणी विचारलं तर ते त्या थोड्या लोकांसाठी आहे ज्यांचं हे सगळं करून झालंय, दोनदा ऑपरेशन झालंय, रेडिएशन झालंय, आणि गाठ तरी वाढतेच आहे. अशा पेशंटना आज टेमोझोलोमाइड हे कॅन्सरचं औषध देतात, ते सगळ्यांना लागू पडत नाही. त्यांच्यासाठी कॅबरगोलिन आणि क्लोरोक्वीनची नीट आखलेली चाचणी व्हावी असं मला फार वाटतं, डोळ्यांची तपासणी ठरवून, हृदयाचा ईसीजी ठरवून, डोस ठरवून. पण असे पेशंट एकेका हॉस्पिटलात मोजकेच असतात म्हणून दहा-पंधरा सेंटरनी एकत्र यावं लागेल, आणि गोळी इतकी स्वस्त आहे की कुठल्या कंपनीला त्यात पैसा घालावासा वाटत नाही. आपल्या देशात अशी कुठलीही चाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदणीत आधी नोंदवावी लागते आणि तिथे कुणालाही शोधता येतं. तुमच्या भाच्याला खरंच आवड असेल तर त्याला तिथे बघायला शिकवा, बातमी वाचण्यापेक्षा ते जास्त उपयोगी आहे. आणि एक इच्छा बोलून दाखवतो, म्हसरूळच्या आपल्या आरोग्य विद्यापीठाखाली इतके विद्यार्थी दरवर्षी प्रबंध करतात, त्यातल्या एखाद्याने नाशिक जिल्ह्यात प्रोलॅक्टिन वाढलेल्या बायकांपैकी किती जणी डोमपेरिडोन आणि लेव्होसल्पिराइडवर आहेत एवढं जरी नीट मोजलं तरी किती जणींचे एमआरआय आणि किती जणींची बोलणी वाचतील.

मुलाबद्दल. प्रोलॅक्टिन नॉर्मलला आलं की पाळी सुधारते आणि पाळी नियमित व्हायच्या आधीसुद्धा दिवस राहू शकतात, हे लक्षात असू द्या. वहिनींची गाठ मॅक्रो आहे म्हणून घाई करू नका, आधी डोळ्यांची फील्डची तपासणी, म्हणजे पेरिमेट्री, करून घ्या आणि गाठ नसांपासून किती लांब आहे ते ताज्या एमआरआयवर बघू द्या. दिवस राहिले की कॅबरगोलिन बंद करायचं का चालू ठेवायचं हे त्या अंतरावर ठरतं, म्हणून टेस्ट पॉझिटिव्ह आली की त्याच दिवशी फोन करा, पुढच्या तारखेची वाट बघू नका. येताना नुसता रिपोर्टचा कागद नको, एमआरआयची सीडी किंवा फिल्म आणा, पहिली आणि आत्ताची दोन्ही, आणि घरातल्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत, वहिनींच्याच नाही, त्यांच्या हाताशी असतात त्या सासूबाईंच्यासुद्धा.

आणि कधीही अचानक डोकं फुटेल असं दुखायला लागलं, सोबत उलट्या, एकाचे दोन दिसणं, पापणी पडणं किंवा नजर कमी होणं असं झालं, तर गाठीत रक्तस्राव झालेला असू शकतो. तेव्हा पित्त झालंय म्हणून घरी थांबायचं नाही, रात्री दोन वाजता असलं तरी एमआरआय आणि न्यूरोसर्जन दोन्ही असलेल्या हॉस्पिटलात नाशकात घेऊन यायचं आणि दारातच सांगायचं की हिला पिट्युटरीची गाठ आहे.